‘परत उकळलं की झालं’: उरलेल्या रश्श्याबाबत या चुका टाळा

आषाढात कोल्हापूरच्या त्र्यंबोली देवीची यात्रा झाली की दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीत घरोघरी उरलेला तांबडा रस्सा गॅसवर चढतो. रात्रभर तो ओट्यावरच, झाकण घालून ठेवलेला असतो. “खळखळून उकळलाय, काय होत नाही,” हे मी आईकडून, मावशीकडून, जत्रेच्या आचाऱ्यांकडूनही ऐकत आले. दोन वर्षांपूर्वी आम्हीही तसाच उकळून दुपारी एकला जेवलो आणि चार वाजायच्या आत घरातले चौघं ओकत होतो. त्यात माझी सात वर्षांची भाचीही होती.

उकळीनं जिवाणू मरतात, हे खरं. पण पोट पुष्कळदा बिघडवतं ते त्यांनी सोडलेलं विष. आतड्यावर काम करणाऱ्या या विषांना एन्टरोटॉक्सिन म्हणतात. जिवाणू गाळून काढल्यावर राहिलेल्या नुसत्या द्रवानंही सशाच्या आतड्यात पाणी भरतं, हे कोलकात्यात शंभूनाथ डे यांनी १९५९ मध्ये कॉलऱ्याच्या बाबतीत दाखवलं. म्हणजे जिवाणू गेला तरी त्याचं विष मागे राहू शकतं.

स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू साधारण तीन माणसांत एकाच्या नाकात मुक्कामाला असतो. पिकलेल्या जखमेत तर तो पुष्कळदा सापडतो. शिजलेलं मटण हातानं वाटताना तो अन्नात उतरतो, उबेत वाढतो आणि तिथंच विष तयार करतो. हे विष अर्धा तास उकळलं तरी टिकतं आणि एका मायक्रोग्रॅमहून कमी पोटात गेलं तरी माणूस आडवा होतो. त्याला वास नाही, चव नाही. म्हणून “वास घेऊन बघ, आंबलंय का” ही परीक्षा इथं उपयोगाची नाही. आमच्या घरी त्या दिवशी मटणाचे तुकडे मीच वाटले होते, कापलेल्या बोटाला चिंधी बांधून. तपासणी झाली नाही, पण तीन तासांत सुरू झालेल्या उलट्या त्याच दिशेला बोट दाखवतात. आता हाताला जखम असेल तर मी वाढायला उभी राहत नाही.

दुधाचंही हेच. १९१४ मध्ये बार्बर या संशोधकानं फिलिपाइन्समध्ये कासदाह झालेल्या गायीच्या दुधानं होणाऱ्या विषबाधेचा छडा लावला. ताजं दूध बाधत नव्हतं, उबेत ठेवलेलं बाधत होतं. आपले गवळी या रोगाला दगडी म्हणतात. कट्ट्यावरून, म्हणजे समोर धार काढून देतात तिथून, आणलेलं म्हशीचं दूध घरी पोहोचताच तापवा. दुपारपर्यंत बाहेर ठेवून मग तापवण्यात अर्थ नाही.

भाताची गोष्ट थोडी वेगळी. बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे कडक कवचातलं त्याचं झोपलेलं रूप, शिजवण्यातून वाचतात आणि रात्रभर बाहेर राहिलेल्या भातात उलटी आणणारं विष बनवतात. काटेकोर भाषेत त्याला एन्टरोटॉक्सिन म्हणत नाहीत, पण ते १२१ अंशांतही दीड तास टिकतं. सकाळच्या फोडणीनं त्याला काही होत नाही. फोडणीचा भात करायचा असेल तर भात रात्रीच परातीत पसरून निववा आणि फ्रीजमध्ये ठेवा.

आता रस्सा. मोठ्या पातेल्याचा खरा धोका क्लोस्ट्रिडियम परफ्रिन्जन्स या जिवाणूचा आहे. त्याचे बीजाणू उकळीतून वाचतात. उकळताना रश्श्यातली हवा निघून जाते, वर तेलाचा तवंग झाकणासारखा बसतो, आणि या जिवाणूला हवा नकोच असते. वीस लिटरचं पातेलं तासन्‌तास कोमट राहतं. ४३ ते ४५ अंशांच्या आसपास हा जिवाणू दहा मिनिटांत दुप्पट होऊ शकतो, म्हणजे दोन तासांत एकाचे चार हजार. तो जिवंत पोटात गेला की आतड्यात जाऊन विष सोडतो. त्यामुळे इथं मात्र खाण्याआधीची नीट उकळी कामाला येते, वाढलेले जिवाणू तिनं मरतात. थंड तुकड्यांवर गरम रस्सा ओतला किंवा सगळं नुसतं कोमट केलं तर उपयोग नाही. पण पातेल्यात या तिघांपैकी कोण आहे हे आपल्याला दिसत नाही, म्हणून भरवसा निववण्यावर ठेवायचा.

जेवणं आटोपली की रस्सा पसरट भांड्यांत दोन-तीन इंच खोलीनं ओता, भांडी बर्फाच्या पाण्याच्या टपात ठेवा, ढवळत राहा. मटण वेगळं काढून पसरा. दोन तासांत हे सगळं फ्रीजमध्ये गेलं पाहिजे. आख्खं गरम पातेलं फ्रीजमध्ये ढकललं तर मधला भाग तसाच गरम राहतो. पांढऱ्या रश्श्याचं अळणी, म्हणजे मटण शिजवलेलं पाणी, वेगळं ठेवा, नारळाचं दूध लागेल तेवढ्यातच घाला. रात्री पंगती उशिरापर्यंत चालणार असतील तर पातेलं मंद आचेवर, ६० अंशांच्या वर ठेवा.

तरीही त्रास झालाच तर घड्याळ बघा. एक ते सहा तासांत जोराच्या उलट्या झाल्या तर स्टॅफिलोकॉकस किंवा भातातलं विष. आठ-बारा तासांनी पोटात कळा आणि जुलाब, ताप नाही, उलटीही फारशी नाही, तर बहुधा परफ्रिन्जन्स. शिल्लक राहिलेली अँटिबायोटिकची गोळी घेऊ नका, विषावर ती चालत नाही. ओआरएस घोटघोट पाजा. ते नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्यानं. शौचात रक्त, जास्त ताप, लघवी बंद, पाणीही पोटात न ठरणं, किंवा मूल सुस्त पडणं, यातलं काहीही दिसलं तर घरी थांबू नका. नजर दुहेरी झाली किंवा घास गिळता येईना, तर तासभरही वाट पाहू नका.

एकाच पंगतीतले अनेकजण आजारी पडले तर उरलेला रस्सा घाबरून मोरीत ओतू नका. झाकून फ्रीजमध्ये ठेवा आणि आरोग्य विभागाला कळवा. विष तपासायचं तर नमुना त्याच पातेल्यातला लागतो.