कांद्याच्या पातीचं बेचकं उघडून बघा, मगच पंप भरा

डिसेंबर अर्ध्यावर आला. पुणे जिल्ह्यात खेड, शिरूर, आंबेगाव, जुन्नर, पुरंदर, दौंड, कुठेही जा, गरवी (रब्बी) कांद्याची लागण चालू आहे. कुणाचं रोप अजून गादीवाफ्यावर आहे, तर ज्यांनी नोव्हेंबरच्या अखेरीस घाई केली त्यांच्या कांद्यानं मुळं धरली आहेत. औषधांचा खर्च सुरू होतो तोही याच दिवसांत. दर आठव्या दिवशी एक फवारा, त्यात कीटकनाशक, बुरशीनाशक, टॉनिक आणि विद्राव्य खत एकाच टाकीत, असं वेळापत्रक बऱ्याच रानांत ठरून गेलं आहे. माझा आग्रह एवढाच आहे की फवारणीचा दिवस कॅलेंडरनं ठरवू नका. तो शेतातल्या मोजणीवरून ठरवा.

आपल्याच राजगुरुनगरला कांदा व लसूण संशोधन संचालनालय आहे. फुलकिडे (थ्रिप्स) म्हणजे पातीचा रस शोषणारी बारीक कीड. त्यांच्यासाठी संचालनालयानं घालून दिलेली आर्थिक नुकसानीची पातळी, म्हणजे जिथून पुढे फवारणीचा खर्च परवडतो ती संख्या, आहे झाडामागे ३० फुलकिडे. हा आकडा अनेकांना माहीत असतो, पण प्रत्यक्ष मोजणारे फार थोडे.

मोजणी अशी करा. सकाळी ऊन चढायच्या आत रानात शिरा. बांधाच्या कडेची झाडं धरू नका, कारण तिथे कीड आधी येते आणि अंदाज फुगतो. रानात तिरकं चालत वीस झाडं निवडा. झाड न उपटता मधल्या कोवळ्या पाती दोन अंगठ्यांनी हलकेच बाजूला करा आणि जिथे पात पातीतून निघते त्या बेचक्यात बघा. तिळाच्या टोकाएवढी, फिकट पिवळी पिल्लं तिथे दाटीनं बसलेली दिसतील. तपकिरी दिसतात ते मोठे. नजर कमी पडत असेल तर दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग घ्या. झाडागणिक आकडा वहीत टिपा आणि सरासरी काढा. अर्ध्या एकराला जेमतेम अर्धा तास लागतो.

मागच्या जानेवारीत चुलत भावाचा सकाळीच फोन आला, "दादा, पात पांढरी पडायला लागलीय, आजच मारू का?" मी गेलो. दोघांनी बसून वीस झाडं उघडली. सरासरी दहा-बाराच भरली. पात पांढरी दिसत होती ते जुने ओरखडे होते, आधीच्या कोरड्या आठवड्यातले. फवारणी थांबवली. आठवड्यानं पुन्हा मोजलं तेव्हा आकडा तिशीच्या वर गेला होता, मग त्याच दिवशी संध्याकाळी फवारलं. एक फवारणी वाचली, आणि जी केली ती नेमक्या वेळी लागू पडली.

तरी एक सांगतो. हा आकडा वाढीला लागलेल्या झाडासाठी धरावा. रोप चार पानांचं आणि नाजूक असताना मी तिशीची वाट बघत नाही, दहा-पंधरालाच सावध होतो.

फुलकिड्यांना टाक्या म्हणा, मुरडा म्हणा, अकड्या म्हणा, या किडीचं जगणं समजून घेतलं की औषध का लागू पडत नाही ते आपोआप कळतं. मादी अंडी घालते पातीच्या आत, पेशींमध्ये. त्यातून निघणारी पिल्लं बेचक्यात लपून पात खरवडतात आणि रस शोषतात. पुढे कोषावस्थेसाठी ती मातीत उतरतात. म्हणजे तुम्ही फवारता तेव्हा अंडी पातीत सुरक्षित आणि कोष मातीत सुरक्षित, मरतात ती फक्त उघडी सापडलेली. चार दिवसांनी पुन्हा कीड दिसली की आपण म्हणतो औषध बोगस निघालं, आणि तेच औषध दुप्पट मात्रेनं मारतो. कीड त्या औषधाला सरावते ती अशानं. दुसरी फवारणी करायची झाली तर औषधाचा गट बदला. फक्त कंपनीचं नाव बदलून उपयोग नाही, आतला घटक वेगळ्या गटातला हवा.

कांद्याच्या पातीवर मेणाचा थर असतो. अळवाच्या पानावरून पाणी घरंगळतं तसंच औषधही घरंगळून जातं. म्हणून चिकटणारं द्रव्य, म्हणजे स्टिकर, मिसळल्याशिवाय कांद्यावर फवारू नका. तुषार सिंचन असेल तर त्याचाही फायदा होतो, पाण्याच्या माऱ्यानं फुलकिडे धुऊन जातात.

जुन्या घड्या घातलेल्या पत्रकांत फुलकिड्यांसाठी मिथोमिलचं नाव सापडेल. २०२३ साली केंद्र सरकारनं त्यावर बंदी घातली आहे. कुणाच्या घरात जुनी पुडी पडलेली असेल तर ती वापरू नका.

फुलकिड्यांचं नुकसान ओरखड्यांवर थांबत नाही. त्याच जखमांतून करप्याची, म्हणजे पात वाळवणाऱ्या रोगाची, बुरशी आत शिरते. शिवाय आयरिस यलो स्पॉट हा विषाणू हेच फुलकिडे पसरवतात. भारतात कांद्यावर त्याची नोंद २००६ साली झाली ती आपल्याच राज्यातली, जालना आणि नाशिककडची. विषाणूवर औषध नाही, वाहक आटोक्यात ठेवणं एवढंच हातात आहे.

करप्याचं म्हणाल तर जानेवारीतलं ढगाळ हवामान आणि भीमेच्या खोऱ्यातलं सकाळचं दव यांवर नजर ठेवा. जांभळ्या करप्यात आधी खोलगट पांढरा चट्टा येतो आणि मग त्याचा मध्य जांभळट होतो. काळ्या-तपकिरी करप्यात, म्हणजे स्टेम्फिलियममध्ये, पातीच्या एका बाजूला पिवळसर-नारिंगी पट्टे उतरतात. पात दोन-तीन दिवस उशिरापर्यंत ओली राहणार असेल तर मॅन्कोझेब हे बुरशीनाशक लिटरला अडीच ग्रॅम घ्या. पंधरा लिटरच्या पंपाला साडेसदतीस ग्रॅम होतात. हवामान विभागाची जिल्ह्याची कृषी हवामान पत्रिका मंगळवारी आणि शुक्रवारी येते, ती वाचून मगच दिवस धरा. युरियाचा हातही आवरा. नत्राचे उरलेले हप्ते लागणीनंतर ३० आणि ४५ दिवसांनी द्या, साठ दिवसांपुढे नत्र नको. लुसलुशीत पात किडीलाही आवडते आणि बुरशीलाही, आणि तो कांदा चाळीतही टिकत नाही.

ज्यांचं रोप अजून वाफ्यावर आहे त्यांनी लागणीआधी मुळं कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाच्या द्रावणात (लिटरला एक ग्रॅम) दोन तास बुडवून घ्यावीत आणि शेंड्याकडची एक तृतीयांश पात छाटावी. पुढच्या हंगामासाठी एक गोष्ट आताच लिहून ठेवा. लागणीच्या महिनाभर आधी रानाभोवती बाहेरून मका आणि आतून गहू दाट पेरायचा. फुलकिडे उडण्यात कच्चे असतात, वाऱ्यावर येतात आणि या कुंपणाला अडतात. राजगुरुनगरचीच ही शिफारस आहे, आणि तिला खर्च नगण्य.

आता तण. कांद्याची पात नळीसारखी सरळ वाढते, तिची सावली जमिनीवर पडत नाही, त्यामुळे तणाला मोकळं रान मिळतं. पहिले दीड-दोन महिने रान स्वच्छ ठेवलं नाही तर पुढे कितीही खुरपलं तरी कांदा पोसत नाही. त्यासाठी ऑक्सिफ्लोरफेन २३.५ टक्के हे तणनाशक लिटरला दीड ते दोन मिली, लागणीच्या आधी किंवा लागणीबरोबर, ओल्या जमिनीवर. पुढे ४० ते ६० दिवसांदरम्यान एक खुरपणी. मजुरी महाग आहे हे खरं, पण ही खुरपणी टाळू नका, कारण लव्हाळ्याच्या गाठी या औषधाला दाद देत नाहीत. त्या खणूनच काढाव्या लागतात.

बांधावरचं गाजरगवतही आताच फुलायच्या आधी मुळासकट उपटा. देशात या तणाची ठळक नोंद १९५५ साली झाली ती पुण्यातच, आणि आज आपला एकही बांध त्याच्यापासून सुटलेला नाही. त्याला खाणारे मेक्सिकन भुंगे पावसाळ्यात कामाला येतात, थंडीत ते जमिनीत निजलेले असतात. म्हणून या दिवसांत हातानंच उपटावं लागतं, हातमोजे घालून, कारण त्यानं अंगावर खाज उठते.

तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा. एकदा आमच्याच घरी गव्हावर तणनाशक मारलेला पंप नुसता विसळून टोमॅटोवर वापरला गेला, आणि चार दिवसांत शेंडे पिळवटले. ते झाड पुन्हा सरळ झालं नाही. मात्रा बाटलीच्या टोपणानं मोजू नका, मापाचा कप किंवा सिरिंज आणा. फवारताना तोंडावर मास्क, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा आणि वाऱ्याकडे पाठ हवी.

शेवटच्या फवारणीआधी लेबलवर बघा, काढणीपूर्वी किती दिवस थांबायचं ते लिहिलेलं असतं. आपल्याकडे काढणीनंतर पात जनावरांना घालतात, तेव्हा गाईम्हशींपुढे टाकण्याआधीही तेवढे दिवस मोजा.