‘असायलम’ हा पिक्चर घरी चारचौघांत कसा बघायचा

बेळगावचा पाऊस एकदा लागला की चार-चार दिवस कुठं जायचं होत नाही, तेव्हा १९७२ चा हा ब्रिटिश हॉरर काढायचा. ८८ मिनिटांचाच आहे, रात्री नऊला लावला तर थांबत थांबत बघूनपण अकराला सगळे मोकळे. आधी डाऊनलोड करून ठेवा, ऐन वेळी लाईट जाते आणि मग नेट शोधत बसता. पेन आणि माणशी एक चिठ्ठी घ्या, ती कशाला ते सांगतो.

गोष्ट अशी. मार्टिन नावाचा तरुण डॉक्टर वेड्यांच्या इस्पितळात नोकरी मागायला येतो आणि तिथला मोठा डॉक्टर म्हणतो, आमचा जुना मुख्य डॉक्टर बी. स्टार स्वतःच पेशंट झालाय, वरच्या मजल्यावर आहे, ओळखलास तर नोकरी. वर चार पेशंट, बॉनी, ब्रुनो, बार्बरा, बायरन. बघा, सगळी नावं ‘बी’चीच! स्टार बाई की बाप्या तेपण सांगत नाहीत. म्हणून प्रत्येक पेशंटची गोष्ट झाली की पॉज करायचं आणि ज्याला जो स्टार वाटतो त्याचं नाव चिठ्ठीवर लिहायचं, आधीचं खोडायचं नाही, खाली नवीन लिहायचं.

फक्त बायरनच्या वेळी घोळ होतो. त्याची गोष्ट वेगळी संपतच नाही, ती बाहेरच्या मूळ गोष्टीतच मिसळते, त्यामुळं मार्टिन त्याच्या खोलीतून निघून जिना उतरायला लागला की लगेच पॉज करा आणि चिठ्ठ्या डब्यात टाका. आम्ही पहिल्यांदा हे चुकलो आणि शेजारच्या काकूंनी सगळं बघून मग नाव लिहिलं, वर म्हणतात मला आधीच कळलं होतं की वो.

इंग्लिश जुन्या वळणाचं आहे, आईला-आजीला प्रत्येक गोष्टीआधी मिनिटभर मराठीत सांगा. पहिल्या गोष्टीला तेवढंपण लागत नाही, नवरा बायकोला मारून तुकडे खाकी कागदात गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवतो आणि ती पार्सलं हलायला लागतात, बास. रक्त फारसं दिसत नाही पण लहान पोरांना आधी झोपवा, आणि कुंदा (आमची बेळगावची खव्याची मिठाई) फ्रीजमध्ये असेल तर पिक्चर लावायच्या आधीच बाहेर काढा, नंतर उठून कोण जात नाही (अनुभव आहे).

दुसरी शिंप्याची. पीटर कुशिंग, तोच १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’मधला, एक विचित्र कापड आणून देतो आणि सूट मध्यरात्रीनंतरच शिवायचा म्हणतो. वडगाव-शहापूरकडचं, म्हणजे बेळगावातल्या विणकरांच्या भागातलं कोण बसलं असेल तर हमखास विचारणार हे कुठल्या मागावरचं. माझी आवडती हीच. तिसरी बार्बराची, ती निम्म्यातच ओळखू येते, चहा तेव्हा ठेवा.

लिहिणारा रॉबर्ट ब्लॉक, ज्याच्या कादंबरीवर हिचकॉकचा ‘सायको’ आला, आणि सुरुवातीलाच रशियन संगीतकार मुसॉर्गस्कीचं संगीत जोरात वाजतं म्हणून आवाज आधी कमी करून ठेवा नाहीतर आजी आतून ओरडणार, काय लावूलास रे हे.

पहिल्या दहा मिनिटांत कोणतरी ‘ह्याला धारवाडला न्या’ म्हणणारच, तिथं मनोरुग्णांचं इस्पितळ आहे म्हणून. एकदा हसा आणि सोडा, कारण घरात कोणाचं मनाच्या आजाराचं औषध चालू असेल तर ते बोलणं त्याच्या मनाला लागतं, आणि पिक्चरमधले कुलूपबंद दरवाजे, जादूटोणा हे सगळं रंगवलेलं आहे, आजार असा नसतो.

पिक्चर आधी बघितलेल्यानं तोंड उघडायचं नाही, चिठ्ठ्या वाचायचं काम त्यालाच द्या. पहिल्याच गोष्टीनंतर ज्यानं बरोबर नाव लिहून शेवटपर्यंत बदललं नाही तो जिंकला, आणि बाकीच्यांनी मिळून उद्या त्याला अर्धा किलो कुंदा.