ऑनलाइन शिकताय? मग या चुका टाळा

मार्च २०२० मध्ये शाळा-कॉलेजं बंद झाली आणि मोबाइलवर वर्ग भरायला लागले. शाळकरी मुलांचे त्यात हाल झाले. पण नोकरी-संसारातल्या माणसांना आपणही पुन्हा शिकू शकतो असं तेव्हा वाटू लागलं, हे फार मोलाचं आहे. आमच्या नाशिककडे अंबडच्या कारखान्यातली मुलं, सिडकोतल्या गृहिणी, निफाडचे द्राक्षबागायतदार कोर्सबद्दल विचारायला येतात तेव्हा मला मनापासून आनंद होतो. त्याच त्याच चुका पाहून मात्र जीव तुटतो.

व्हिडिओ पाहिला म्हणजे शिकलो

सगळ्यात महागात पडते ती ही. सातपूरला सीएनसी लेथवर, म्हणजे संगणकाच्या सूचनांवर चालणाऱ्या कातकामाच्या मशीनवर काम करणारा एक मुलगा, हुशार आणि कष्टाळू. त्याला त्या मशीनचं प्रोग्रॅमिंग शिकायचं होतं. दुसरी पाळी संपवून घरी आला की दुप्पट वेगाने व्हिडिओ बघायचा. बारा आठवड्यांचा कोर्स दिवाळीच्या सुट्टीत उरकला. चाचण्यांची उत्तरं कुठल्याशा टेलिग्राम ग्रुपवर मिळाली. प्रमाणपत्र आलं, घरच्यांनी पेढे वाटले.

मग अंबडच्या एका कंपनीत मुलाखत झाली. समोर शाफ्टचं ड्रॉइंग आणि कोरा कागद. 'प्रोग्रॅम लिहा.' सुरुवातीच्या ओळी त्याने भराभर लिहिल्या, त्या तर रोज मशीनच्या पडद्यावर दिसतात. पुढे कोपऱ्याची गोलाई आली. चाप घड्याळाच्या दिशेने की उलटा, म्हणजे मशीनला द्यायची सूचना जी०२ की जी०३? शिकवणाऱ्याचा आवाजसुद्धा त्याला आठवत होता, पण पेन पुढे सरकेना.

यात डोक्याचा दोष नव्हता, पद्धतीचा होता. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत आठवून लिहिणारे पुढे गेले. लगेच आठवतं म्हणून सगळं आलं असं वाटतं, फसगत होते ती इथेच.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्याला मी आधी शंभर पानी वही आणायला लावतो. वीस मिनिटं व्हिडिओ, मग मोबाइल दुसऱ्या खोलीत, आणि समजलं ते न बघता लिहायचं. अडेल तेवढंच परत बघायचं. 'वेळ जातो' ही तक्रार मी ऐकून घेत नाही, कारण शिकायला वेळ जातोच. तो मुलगा मग रोज एक ड्रॉइंग घेऊन कागदावर प्रोग्रॅम लिहायला लागला, सुपरवायझरकडून तपासून घ्यायला लागला. उशीर लागला, पण आता तो लहान जॉबचे प्रोग्रॅम स्वतः लिहितो.

नाव नोंदवलं म्हणजे परीक्षेचा फॉर्म भरला

नाही. 'स्वयम' या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरचे एनपीटीईएलचे (आयआयटी आणि आयआयएससीच्या उपक्रमाचे) कोर्स शिकायला फुकट आहेत, पण परीक्षेची नोंदणी वेगळी, तिचं शुल्क वेगळं, आणि पेपर केंद्रावर जाऊन द्यावा लागतो. शिवाय प्रमाणपत्रासाठी असाइनमेंटमध्ये २५ पैकी किमान १० आणि परीक्षेत ७५ पैकी किमान ३० गुण लागतात. एकीकडची उणीव दुसरीकडे भरून निघत नाही. कोर्स सुरू झाला की फॉर्मची शेवटची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा.

आणखी काही

एकदम चार-पाच कोर्स घेऊ नका. एक पुरा करा.

हप्त्यावर महागडा कोर्स घेण्याआधी त्याच विषयाचा फुकटातला कोर्स शेवटपर्यंत करून बघा. 'आज रात्रीपर्यंतच सवलत' म्हणणाऱ्याचा फोन ठेवून द्या.

असाइनमेंट चॅटबॉटकडून लिहून घेऊ नका. तुमचं उत्तर तपासायला द्या, तिथवर ठीक.

सुरगाणा-पेठ तालुक्यांकडे रेंज जाते-येते. 'दीक्षा' या शालेय धड्यांच्या सरकारी अ‍ॅपवरचे धडे नेटवर्क असेल तिथे आधीच उतरवून ठेवा.

मुक्त विद्यापीठात प्रवेश घेऊन अभ्यासकेंद्रावर न फिरकणं

याचं मला फार वाईट वाटतं. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आपल्या नाशकात आहे. शिक्षण सुटलेल्या, कामावर जाणाऱ्या माणसांसाठीच ते उभं राहिलं. तरी कितीजण प्रवेश घेतात, पुस्तकं कपाटात ठेवतात आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात यूट्यूबवर 'महत्त्वाचे प्रश्न' शोधतात! संपर्क सत्रात, म्हणजे केंद्रावर भरणाऱ्या वर्गात, शंका विचारता येते, शेजारी आपल्यासारखाच पाळी करून आलेला कुणी बसलेला असतो, त्याचा नंबर घेता येतो. एकट्याने शिकणारे बहुतेक मध्येच सोडतात, हे मी वर्षानुवर्षं बघतोय. प्रवेश घ्याल त्याच दिवशी केंद्रावरून सत्रांचं वेळापत्रक मागून घ्या, आणि पाळी बदलून हवी असेल तर सुपरवायझरला महिनाभर आधी सांगा.