पाणी टाकीत बिघडलं की लाईनमध्ये? नमुना असा घ्या

नळाला वास येतोय, दोन विंगमध्ये जुलाब सुरू आहेत, ग्रुपवर गढूळ बादलीचे फोटो फिरतायत. अशा वेळी कुणीतरी हमखास टीडीएस मीटर घेऊन येतो. त्याला चहा पाजून परत पाठवा. टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार. त्यावरून जंतू कळत नाहीत. नवी मुंबईकरांचं मोरबेचं पाणी काय किंवा ठाणेकरांचं भातसा-उल्हासचं काय, त्यात गटाराचं पाणी मिसळलं तरी मीटर छान आकडाच दाखवेल.

पाणी उकळायला आजपासूनच लागा. खळखळून उकळी फुटल्यावर किमान एक मिनिट.

आता नमुना. पहिला सल्ला मिळेल तो ‘स्वयंपाकघरातलं पाणी बाटलीत भरून लॅबला द्या’. त्या रिपोर्टचा सोसायटीला काही उपयोग नाही. वॉर्ड ऑफिसातला अभियंता एकच वाक्य बोलेल, ‘तुमची टाकी साफ करा’, आणि तुमच्याकडे त्याला उत्तर नसेल. सगळं भांडण एका प्रश्नावर ठरतं: पाणी टाकीत पडायच्या आधी कसं होतं?

म्हणून एकाच दिवशी तीन जागा: पालिकेच्या पाणी मीटरनंतर पण खालच्या टाकीच्या आधी, पंपाच्या तोंडाशी आणि घरातला नळ. (टाकीत उतरायचं नाही, कुणी कितीही शूर असला तरी.) बहुतेक सोसायट्यांत पहिल्या जागी नळच नसतो. प्लंबरकडून मीटरच्या पुढे, आपल्या हद्दीत, एक धातूचा नळ बसवून घ्या. प्लास्टिकचा नको, कारण नमुन्याआधी त्याचं तोंड स्पिरिटच्या पेटत्या बोळ्याने भाजायचं असतं.

वेळ त्याहून महत्त्वाची. आपल्याकडे पाणी चोवीस तास नसतं. सप्लाय बंद झाला की लाईनमधला दाब जातो, आणि गटाराला खेटून गेलेल्या पाइपला भेग असेल तर बाहेरची घाण आत ओढली जाते. सप्लाय सुरू झाल्यावर पहिल्यांदा येतं ते हेच पाणी. पाठ्यपुस्तकी सूचना म्हणते, दोन-तीन मिनिटं नळ सोडा आणि मग नमुना घ्या. घ्या, पण ती दुसरी बाटली. पहिली बाटली मीटरपाशच्या नळावर, सप्लाय येताच भरा. पहिली खराब आणि नंतरची बरी निघाली, तर गळती जवळपासच्या लाईनमध्ये असण्याची शक्यता दाट.

बाटली प्रयोगशाळेतूनच आणा. निर्जंतुक बाटलीत तळाशी थोडा सोडियम थायोसल्फेट असतो. मळ समजून तो धुऊन टाकणारे मी पाहिले आहेत. तो पाण्यातला क्लोरीन मारण्यासाठी असतो. तो नसेल तर क्लोरीन वाटेतही जंतू मारत राहतो आणि रिपोर्ट खोटाच स्वच्छ येतो. बिसलेरीच्या रिकाम्या बाटलीतला नमुना म्हणूनच कचरा. झाकणाच्या आत बोट लावू नका, बाटली काठोकाठ भरू नका, बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी लॅबला पोचवा. आदल्या दिवशी लॅबला फोन करा, आणि शनिवारी हा उद्योग करू नका. क्षारांची तपासणीही हवी असेल तर त्याची बाटली वेगळी, आणि ती मात्र त्याच पाण्याने खळबळून घ्यायची.

क्लोरीन जागेवरच मोजा, कारण तो टिकत नाही. क्लोरोस्कोपमध्ये, म्हणजे क्लोरीन मोजायच्या छोट्या संचात, ओटीचे (ऑर्थोटोलिडीनचे) थेंब टाकले की पाणी पिवळं व्हायला हवं. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे क्लोरीन लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम. मीटरपाशी आहे आणि घरात नाही, तर संशय आपल्या टाकीवर: ती गुपचूप धुऊन घ्या, पत्रबित्र लिहू नका. मीटरपाशीच नाही, तर मग लेखणी उचला.

शक्य असेल तर नमुना घेताना कनिष्ठ अभियंत्याला बोलवा. बोलावणं लेखी, पोच घेऊन. आला तर तारीख, वेळ, जागा लिहून सही घ्या. नाही आला तर तेही लिहा, आणि दोन सभासदांच्या सह्या.

रिपोर्टमध्ये १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारा जंतू, सापडता कामा नये. ‘थोडेच आहेत’ असं काही नसतं.

रिपोर्ट जोडून तक्रार ठाण्यात प्रभाग समितीकडे, नवी मुंबईत विभाग कार्यालयाकडे. तोंडी तक्रार केलीच नाही असं समजा. सोबत माहिती अधिकाराचा अर्ज टाका: १० रुपये, एकच विषय, १५० शब्दांत. ‘पाणी खराब का येतं?’ असं विचारू नका. कागद मागा: तुमच्या जलकुंभाच्या गेल्या तीन महिन्यांच्या क्लोरीन नोंदी, जंतुतपासणीचे अहवाल, तुमच्या रस्त्यावरच्या गळती दुरुस्तीच्या नोंदी. या कायद्यात कामाची पाहणी करण्याचा आणि प्रमाणित नमुना मागण्याचाही हक्क आहे, हे फार कमी लोक वापरतात. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील, शुल्क २० रुपये.

खोदकाम होऊन लाईन दुरुस्त झाली की पहिलं पाणी टाकीत घेऊ नका. दुरुस्तीतही माती आत जाते. तेवढं सोडून द्या, आणि त्याच नळावर, सप्लाय येताच, पुन्हा बाटली भरा. तो रिपोर्ट येईपर्यंत उकळणं चालूच ठेवा.