डिप्लोमा, आयटीआयवाल्यांनी कंपनीत इंटरव्ह्यूला जाताना काय तयारी करायची

मी चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे, आणि गेली काही वर्षं ट्रेनी पोरांच्या इंटरव्ह्यूला एचआरसोबत मलाही बसवतात. डिप्लोमाचे रिझल्ट लागले की लातूर, बीड, नांदेड, जळगाव कुठून कुठून पोरं येतात, रात्रभर ट्रॅव्हल्समधे नाहीतर लालपरीत बसून, सकाळी नातेवाइकाच्या रूमवर आंघोळ करून गेटवर हजर. आणि दहा मिनिटात बाहेर. यातली बरीच पोरं कामाला चांगली आहेत हे बोलताना कळतं, पण त्यांनी जे केलंय ते त्यांच्या तोंडून बाहेरच येत नाही आणि जे पाठ केलंय तेवढंच येतं. मला याचं खरंच वाईट वाटतं म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय, मुख्यतः मेकॅनिकल, प्रॉडक्शन आणि आयटीआयच्या फिटर, टर्नर, मशिनिस्ट लोकांसाठी.

मागच्या वर्षीचं सांगतो. आमच्या टेबलवर एक व्हर्नियर (माप घ्यायचा सरकता कॅलिपर) आणि एक बुश (धातूची पोकळ नळीसारखी रिंग) ठेवलेला असतो. एक मुलगा आला, मार्क 80 च्या वर, लीस्ट काउंटची, म्हणजे त्यावर मोजता येणाऱ्या सगळ्यात लहान मापाची, व्याख्या इंग्लिशमधे घडाघडा बोलला. मी म्हटलं या बुशची ओडी (बाहेरचा व्यास) मोजून दाखव, तर त्यानं व्हर्नियर उचलला आणि जॉ (जबडे) नुसते टोकाला टेकवून रीडिंग सांगायला लागला, तेही मेन स्केलचंच. त्याच्यानंतर एक जण आला, आयटीआय टर्नर करून डायरेक्ट सेकंड इयरला डिप्लोमा केलेला, बोलायला एकदम कमी. त्यानं आधी रुमालानं जॉ पुसले, बंद केले, उजेडात धरून झिरो बघितला, मग बुश मोजला, फिरवून परत मोजला आणि म्हणाला, "सर, इकडून 32.04 येतंय आणि इकडून 32.08, हा ओव्हल आहे." तो बुश आम्ही मुद्दाम तसलाच ठेवलेला. त्याला पुढे दोनच प्रश्न विचारले.

तर पहिली तयारी हातांची. कॉलेजच्या लॅबमधे जाऊन, ओळखीच्या वर्कशॉपमधे जाऊन, कुठेही, व्हर्नियर आणि मायक्रोमीटर दोनचार दिवस हातात खेळवा. साध्या व्हर्नियरचा लीस्ट काउंट 0.02 मिमी, कारण मेन स्केलच्या 49 मिमीत व्हर्नियर स्केलचे 50 भाग बसवलेत, एक भाग 0.98 चा झाला, फरक 0.02. मायक्रोमीटरचा 0.01, कारण थिंबल (फिरवायचा भाग) एक फेरा फिरला की अर्धा मिमी सरकतो आणि त्यावर 50 भाग असतात. हे "का" सांगता आलं पाहिजे. झिरो एरर म्हणजे जॉ बंद केल्यावर 0.04 दाखवत असेल तर आलेल्या रीडिंगमधून तेवढं वजा करायचं, हे उदाहरण घेऊन सांगा, व्याख्या नको.

आता एक प्रश्न जो मी जवळपास प्रत्येकाला विचारतो. ड्रॉइंगवर शाफ्टची ओडी 50 प्लस मायनस 0.02 आहे, तुम्ही थर्ड शिफ्टला मशीनवर एकटे आहात, रात्री तीन वाजता पीस मोजला तर 50.03 आला, काय करणार? बहुतेक पोरं म्हणतात ऑफसेट देऊन (टूल किती सरकवायचं ते मशीनमधे भरून) पुढचा पीस बरोबर काढणार. हे अर्धंच उत्तर आहे. आधी मशीन थांबवा, तो पीस बाजूला काढून टॅग लावा, लाइन लीडरला किंवा शिफ्ट इनचार्जला सांगा, आणि मग मागे जात जात आधीचे पीस मोजत चला जोपर्यंत शेवटचा ओके पीस सापडत नाही, कारण तो एकच पीस खराब आहे असं कोणी सांगितलं? मधले दहा-बारा बिनमधे जाऊन बसलेले असू शकतात आणि ते कस्टमरकडे गेले की आमची झोप उडते. यात पुढे विचारतात की हा पीस रिवर्क होईल का, म्हणजे परत मशीनवर घेऊन दुरुस्त होईल का. ओडी मोठी आहे म्हणजे मटेरियल अजून शिल्लक आहे, रिवर्क होईल, 49.97 आली असती तर स्क्रॅप. बोअरचं, म्हणजे आतल्या भोकाचं, बरोबर उलट, लहान आला तर रिवर्क, मोठा झाला की गेला. एवढं एक नीट समजून बोललात तर समोरच्याला कळतं की हा पोरगा शॉपवर उभा राहू शकेल.

सीएनसी (कॉम्प्युटर प्रोग्रामवर चालणारं मशीन) लिहिलं असेल रेझ्युमेत तर जी 00 आणि जी 01 मधला फरक, एम 03, एम 05, एम 30 हे प्रोग्रामचे कोड यायलाच पाहिजेत, आणि प्रोग्राम येत नसेल नुसतं जॉब लोड-अनलोड केलं असेल तर तसंच सांगा. लोडिंग केलंय, दर दहाव्या पीसला गेज लावायचो, इन्सर्टची (टूलच्या कापणाऱ्या तुकड्याची) कड गेली की फिनिशवरून आणि आवाजावरून कळायचं, असं कोणी म्हणालं तर मला ते आवडतं. ऑपरेटिंग येतं म्हणून लिहायचं आणि ऑफसेट कुठे देतात विचारल्यावर गप्प बसायचं, यात बाकी खरं सांगितलेल्या गोष्टींवरचाही विश्वास जातो.

फाइव्ह एसचे, म्हणजे कामाची जागा नीटनेटकी ठेवायच्या पद्धतीचे, जपानी शब्द सगळ्यांना पाठ असतात, सेइरी सेइटन सेइसो सेइकेत्सू शित्सुके. मी लगेच विचारतो की ट्रेनिंगला होतास तिथे टेबलावर काय केलं होतं ते सांग. टूलच्या आकाराचे खाचे केलेले फोम, जमिनीवरचे पिवळे पट्टे, लाल बिन, हे डोळ्यांनी बघितलेलं असतं पण त्यालाच फाइव्ह एस म्हणतात हे जोडलेलं नसतं. सेव्हन क्यूसी टूल्सचंही (क्वालिटीचे प्रॉब्लेम शोधायच्या सात पद्धती) तेच, सात नावं येण्यापेक्षा एक परेटो चार्ट (कोणता दोष सगळ्यात जास्त येतो ते दाखवणारा) स्वतः काढलेला असला तर जास्त उपयोग.

म्हणून घरी बसून एक काम करा. वही घ्या आणि इंडस्ट्रियल ट्रेनिंग, प्रोजेक्ट, मामाच्या गॅरेजमधे केलेलं काम, उसाच्या ट्रॅक्टरची दुरुस्ती, जे काय हातानी केलंय ते लिहा, मशीन कोणतं, मटेरियल कोणतं, काय बिघडलं आणि कसं नीट केलं. प्रोजेक्ट ग्रुपचा असेल तर त्यात तुमचा भाग कोणता ते वेगळं लिहा, कारण "आम्ही केलं" म्हटल्यावर पुढचा प्रश्न "तू काय केलं" हाच असतो. प्रोजेक्ट विकत आणलेला असला तर दुसऱ्याच प्रश्नाला कळतं, त्यापेक्षा ट्रेनिंगवर बोला.

इंग्लिशची भीती सगळ्यांना असते. स्वतःबद्दल चार-पाच वाक्यं इंग्लिशमधे तयार ठेवा, नाव, गाव, शिक्षण, ट्रेनिंग कुठे आणि कोणत्या मशीनवर, एवढंच. हॉबी, स्ट्रेंथ, वीकनेस नेटवरून उचलू नका, एका दिवसात वीस पोरं "आय ॲम हार्डवर्कर" म्हणून जातात. नंतर अडकायला लागलं तर सरळ विचारा, सर मराठीत सांगू का किंवा हिंदीत. शॉपवर कोणी नाही म्हणत नाही. आणि एखादं येत नसेल तर "सर हे मला माहीत नाही" एवढं म्हणून थांबा, फेकत बसू नका, शॉपवर अंदाजानं काम करणारा माणूस आम्हाला सगळ्यात महागात पडतो.

जायच्या आदल्या दिवशी पत्ता नीट बघा. नुसतं चाकण एमआयडीसी म्हणून काही कळत नाही, निघोजे-महाळुंगे वेगळं आणि वासुली-भांबोली वेगळं, मधे बरंच अंतर आहे, आणि तळेगाव चौकात सकाळी ट्रॅफिकला अडकलात की तास कसा जातो कळत नाही. दहाचा टाइम असेल तर नऊलाच गेटजवळ असा. आधारची ओरिजिनल लागते गेटपासला, सोबत सगळ्या सेमच्या मार्कशीट, टीसी, पॅन, बँक पासबुक, फोटो आणि सगळ्याच्या दोन दोन झेरॉक्स. बूट घाला, चपलेवर आत शॉपवर सोडत नाहीत आणि बऱ्याचदा इंटरव्ह्यू झाला की लाइन दाखवायला नेतात. तिथे पिवळ्या पट्ट्याच्या आतून चाला, मशीनला हात लावू नका. नेणारा बघत असतो.

शेवटी "काही विचारायचंय का" म्हणतात तेव्हा पोरं नाही म्हणून उठतात. विचारा. कंपनीच्या रोलवर घेणार, कॉन्ट्रॅक्टवर की अप्रेंटिस म्हणून? अप्रेंटिस असाल तर स्टायपेंड मिळतो, पीएफ नसतो, आणि मुदत संपल्यावर कामावर घेतीलच असं कायदा म्हणत नाही. सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च) सांगितला तर हातात किती हे विचारा, कारण बेसिकवर पीएफचे 12 टक्के जातात, महिन्याचा ग्रॉस 21,000 पर्यंत असेल तर ईएसआयसीचे (कामगार विम्याचे) 0.75 टक्के, शिवाय प्रोफेशनल टॅक्स. कँटीन आणि बसचे कापतात का तेही विचारा. मुलींनी सेकंड शिफ्टनंतर बस कुठपर्यंत सोडते हे बिनधास्त विचारावं, यात लाजण्यासारखं काही नाही. तिन्ही शिफ्ट चालतील का या प्रश्नाला मात्र घरी बोलूनच या, तिथे हो म्हणून पंधरा दिवसांत सोडून जाणाऱ्यांमुळे मागून येणाऱ्या त्याच कॉलेजच्या पोरांना त्रास होतो.

आणि पैसे कोणालाही देऊ नका. मी नवीन असताना एका कन्सल्टन्सीनं रजिस्ट्रेशनचे म्हणून माझ्याकडून 1,500 घेतले, कॉल लेटर दिलं, गेटवर गेलो तर सिक्युरिटी म्हणाला आज कोणताच इंटरव्ह्यू नाही. ते पैसे आईनं भिशीतून काढून दिले होते. युनिफॉर्मचे, मेडिकलचे, ट्रेनिंगचे म्हणून आधी फोनपे करा कोणी म्हणालं की फोन ठेवा आणि थेट कंपनीच्या गेटवर जाऊन विचारा.

निवड नाही झाली तर परतीच्या बसमधेच, घरी पोचायच्या आत, काय काय विचारलं ते सगळं त्याच वहीत लिहून काढा, रात्री झोपलात की निम्मं विसरतं. पुढच्या कंपनीतही थोड्याफार फरकानं हेच विचारतात.