क्लास व्हेरिएबल की इन्स्टन्स व्हेरिएबल: पायथनमध्ये कोणते कुठे ठेवावे

यवतमाळ जिल्ह्यातील एखाद्या खेड्यात कापूस खरेदीचा हिशेब ठेवणारा छोटा प्रोग्राम पायथन या प्रोग्रामिंग भाषेत लिहायचा आहे, असे धरू. त्यात ‘काटापट्टी’ (वजनाची पावती) नावाचा क्लास, म्हणजे पट्टीचा साचा, असून काट्यावर येणाऱ्या प्रत्येक गाडीसाठी त्याचा एक ऑब्जेक्ट, म्हणजे त्या साच्यातून बनलेली एक पट्टी, तयार होतो. शेतकऱ्याचे नाव आणि कापसाचे वजन गाडीगणिक वेगळे असते, म्हणून ही मूल्ये इनिट (__init__) मेथडमध्ये, म्हणजे ऑब्जेक्ट तयार होताना चालणाऱ्या क्लासमधील फंक्शनमध्ये, सेल्फ.नाव आणि सेल्फ.वजन अशी ठेवावीत; सेल्फ (self) म्हणजे तो ऑब्जेक्ट स्वतः. ही इन्स्टन्स व्हेरिएबल होत. क्विंटलचे 100 किलो हे प्रमाण मात्र सर्वांना सारखेच, त्यामुळे ती ओळ क्लासमध्येच, पण सर्व मेथडच्या बाहेर लिहावी; हे क्लास व्हेरिएबल होय.

खरा विचार करावा लागतो तो दराचा. आज सगळ्यांना एकच भाव मिळत आहे, म्हणून दर क्लास व्हेरिएबल करण्याचा मोह होतो; पण उद्या भाव बदलून क्लासमधील आकडा बदलला, की ज्या जुन्या पट्ट्यांची रक्कम त्या आकड्यावरून काढली जाते, त्या सर्वांची रक्कमही बदलेल आणि कालच्या चुकाऱ्याचा हिशेब जुळणार नाही. म्हणून एखादे मूल्य आज समान आहे का, एवढेच पाहू नये. ते बदलल्यावर आधीचे ऑब्जेक्टही बदलायला हवेत का, हे विचारावे. दराच्या बाबतीत उत्तर ‘नाही’ असे येते, तेव्हा पट्टी फाडतानाचा दर त्या पट्टीतच, म्हणजे सेल्फ.दर म्हणून जपावा.

सेल्फ.दर असे ऑब्जेक्टवरून मागितलेले नाव पायथन सहसा आधी ऑब्जेक्टमध्ये, तिथे न सापडल्यास क्लासमध्ये आणि मग पालक क्लासमध्ये (ज्यावरून हा क्लास बनवला त्यात) शोधतो. वाचताना हा क्रम सोयीचा ठरतो, परंतु मूल्य देताना तो लागू होत नाही. एकूण पट्ट्या मोजण्यासाठी क्लासमध्ये ‘एकूण = 0’ लिहून इनिटमध्ये सेल्फ.एकूण += 1 (म्हणजे त्यात एक मिळवा) केले, तर क्लासमधील शून्य वाचले जाते आणि 1 हा आकडा त्या एकाच ऑब्जेक्टमध्ये जाऊन बसतो; क्लासचा आकडा शून्यच राहतो. तिथे काटापट्टी.एकूण += 1 असेच लिहावे. जावा या दुसऱ्या भाषेतून आलेल्यांनी हे विशेष जपावे, कारण तिथे स्टॅटिक व्हेरिएबलला (तिथल्या क्लास व्हेरिएबलला) ऑब्जेक्टमार्फत मूल्य दिले तरी सामायिक मूल्यच बदलते.

लिस्टची, म्हणजे अनेक मूल्यांच्या यादीची, गोष्ट याहून घातक आहे. ‘नोंदी’ नावाची रिकामी लिस्ट क्लासमध्ये ठेवून यादीत भर घालणारे सेल्फ.नोंदी.अपेंड (append) वापरले, तर नवे मूल्य दिले जात नाही, आहे तीच लिस्ट वाढते; परिणामी एका शेतकऱ्याची नोंद सर्वांच्या पट्टीत दिसते आणि कोणताही एरर येत नाही. अशी लिस्ट नेहमी इनिटमध्येच तयार करावी. शंका आल्यास ऑब्जेक्ट व्हार्स (vars) या, ऑब्जेक्टमध्येच ठेवलेली नावे व मूल्ये दाखवणाऱ्या फंक्शनला देऊन येणारे उत्तर छापावे: त्यात जे नाव दिसत नाही, पण ऑब्जेक्टवरून वाचता येते, ते बहुधा क्लासमधून येत असते.