पन्हाळा ते विशाळगड, गर्दीविना: तीन मुक्कामांची तयारी

आषाढात पन्हाळ्याहून पावनखिंडीकडे हजारो लोक चालत जातात. १२ जुलै १६६० च्या रात्री सिद्दी जौहरच्या वेढ्यातून महाराज ज्या वाटेने विशाळगडाकडे निघाले, ती वाट तशाच पावसाचिखलात एकदा तरी तुडवावी, असं मलाही वाटतं. पण ही यादी त्या मोहिमेची नाही. तीच वाट दिवाळीनंतर, तिघा-चौघांनी, कमी बोलत चालायची, तर काय काय बघून ठेवावं लागतं ते लिहितोय. पावनखिंडीपर्यंतचं अंतर साधारण ५० किलोमीटर. मोहिमेत ते दोन दिवसांत उरकतं. चार दिवस आणि तीन रात्री घेतल्या की रोजचं चालणं दुपारी तीन-साडेतीनलाच संपतं. माझ्या मते सगळी तयारी खरं तर या मुक्कामांचीच आहे. चालणं पाय शिकून घेतात. रात्रीचा विचार घरूनच करून निघावं लागतं.

सगळ्यात आधी परवानगी. पन्हाळगड आणि विशाळगडाच्या परिसरातलं वनक्षेत्र, शिवाय मसाई पठार, हे आता संवर्धन राखीव आहे. त्यामुळं रानात कुठंही तंबू ठोकू, हे डोक्यातून काढून टाका. निघण्याच्या पंधरा दिवस आधी वन विभागाच्या पन्हाळ्याच्या आणि मलकापूरच्या कार्यालयात स्वतः जा, नकाशावर वाट दाखवा, कुठं थांबायचंय ते सांगा, आणि जिथं ते नाही म्हणतील तिथं थांबू नका. गडावर तंबू लावायचा प्रश्नच नाही. पन्हाळा तर २०२५ पासून जागतिक वारसा यादीत आहे. राहिली वाड्यावस्त्यांलगतची मालकीची रानं. कुंभारवाडी, खोतवाडी, आंबेवाडी, पाटेवाडी अशी गावं वाटेवर लागतात. तिथं रान कुणाचं ते विचारायचं, मालकाला भेटायचं, पोलीस पाटलांच्या कानावर घालायचं. हे उजेड असतानाच करायचं. अंधारात पाठीवर सॅक घेतलेली अनोळखी माणसं दारात उभी राहिली तर कुणीही बिचकेल.

मागं एकदा आम्ही ओढ्याकाठची छान सपाट जागा हेरून सॅका उतरवल्या होत्या. धनगरवाड्यातले एक आजोबा म्हशी घेऊन वर येत होते. ते थांबले आणि म्हणाले, "पावणं, हितं नगा पडू. गवं येत्यात पाण्याला." त्यांनी काठीनं कडेचा चिखल दाखवला. दुभंगलेला, माझ्या तळहाताहून मोठा खूर उमटला होता. कडा अजून धारदार होत्या आणि खोलगट भागात खालून पाणी झिरपत होतं. म्हणजे जनावर जाऊन फार वेळ झाला नव्हता. आम्ही जिथं चटई पसरली होती, तिथूनच गव्यांची वाट वर जंगलात जात होती. आजोबांनी मग वाड्याजवळच्या त्यांच्या परड्यात जागा दिली. तेव्हापासून पाणवठा आणि मुक्काम यांच्यात किमान दोनशे पावलं ठेवतो, आणि सॅक टेकण्याआधी चिखल वाचतो. पाणी दिवसाउजेडी भरून आणायचं, अंधार पडल्यावर ओढ्यावर जायचं नाही.

तारीख पंचांग बघून ठरवा. नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे रात्र जवळजवळ तेरा तासांची. शुद्ध दशमीच्या पुढं निघालात तर चांदणं मध्यरात्रीनंतरही मिळतं आणि बॅटरी फारशी लागत नाही. ऑक्टोबर मी टाळतो. परतीच्या पावसात विजा पडतात आणि उघड्या पठारावर आडोसा नसतो. आणखी उशीर, म्हणजे फेब्रुवारी केला, तर बरेच झरे आटलेले असतात.

तंबूबद्दल एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. हा मुलूख जांभ्याचा. वितभर माती, की खाली खडक. अ‍ॅल्युमिनियमच्या खुंट्या दोन घावांत वाकतात. माझ्या चार गेल्या. म्हणून दहा-बारा मीटर नायलॉनची दोरी जास्तीची घ्या आणि तंबू दगडांना बांधा. दगड उचलताना आधी काठीनं हलवायचा, कारण खाली विंचू असतो, आणि सकाळी दगड होता तिथंच, होता त्याच बाजूनं परत ठेवायचा, कारण त्या ओलीत बेडूक आणि कितीतरी बारीक जीव राहतात. एकदा घराच्या गच्चीवर अंधारात तंबू लावून बघा. गच्चीतही खुंटी जात नाही, त्यामुळं सराव अगदी हवा तसा होतो.

तंबूची चेन कायम बंद हवी. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, पुष्कळदा त्याला कळतही नाही. बूट आत घ्या, सकाळी झटकून घाला. फुरसं आणि घोणसही या भागात आहे, म्हणून तंबूबाहेर पाय टाकताना हेडलॅम्प आधी. दंश झालाच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काहीही करू नका. मोडलेल्या हातापायाला देतो तसा आधार द्या, माणसाला चालवू नका, १०८ ला फोन करा. प्रत्येक मुक्कामावरून गाडीरस्ता किती लांब आहे, मलकापूरचं ग्रामीण रुग्णालय जवळ की कोल्हापूरचं सीपीआर हे सरकारी रुग्णालय, हे आधीच वहीत लिहून ठेवा. रेंज सगळीकडे नसते, म्हणून नकाशाही कागदावर हवा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांच्या जुन्या क्रमांकानुसार पन्हाळा ४७ एल मध्ये येतो आणि पश्चिमेकडचा भाग ४७ एच मध्ये.

जाळ करायचा नाही. पावसाळ्यात हिरवंगार असलेलं गवत तोवर सोनेरी आणि कडक झालेलं असतं, आणि एका ठिणगीनं पेटलेला वणवा वाडीतल्या गुरांची वैरण नेतो. गॅसचा छोटा स्टोव्ह घ्या, तोही मोकळ्या खडकावर पेटवा. खाणं साधं ठेवा. पहिल्या दिवशी दशम्या आणि खर्डा, पुढं मूगडाळ-तांदळाची खिचडी. माणशी एका वेळेला कोरडा शिधा दीडशे ग्रॅम पुरतो. कांदा-लसूण चटणीची छोटी बरणी, भडंग, शेंगदाणे आणि गूळ, एवढ्यावर माझं भागतं. ओआरएसची पाकिटं घ्याच, थंडीतही घाम जातो.

पाणी माणशी तीन लिटर पाठीवर असू द्या. ओढ्याचं पाणी खळखळून उकळा, निदान एक मिनिट. इथं थोडं थांबून सांगतो. पावनखिंडीच्या परिसरात कासारी नदी उगम पावते, आणि तीच पुढं पंचगंगेला मिळून आपल्या कोल्हापुराजवळून वाहते. म्हणून पाण्यापासून शंभर पावलं लांब, वीतभर खड्डा करूनच शौचाला बसा आणि माती लोटा. त्यासाठी खुरपं घ्या. भांडी राखेनं किंवा मातीनं घासा, धुवण ओढ्यात सोडू नका. साबण घरीच राहू दे.

पायांसाठी महिनाभर आधी सुरुवात करा. भरलेली सॅक घेऊन दोन रविवार जोतिबाचा डोंगर चढा, त्याच बुटांत आणि त्याच मोज्यांत. नवे बूट घालून निघालेला माणूस दुसऱ्या दिवशी फोडांनी थांबतो आणि सगळ्यांना थांबवतो. सॅकचं वजन अंगाच्या पाचव्या हिश्श्यावर जाऊ देऊ नका. जात असेल तर सॅकमधले कपडे कमी करा, पाणी नको. रात्री थंडी चांगली पडते, तेव्हा कानटोपी, स्वेटर आणि झोपण्यापुरता एक कोरडा जोड वेगळ्या प्लास्टिकमध्ये.

स्पीकर आणू नका, हे सोबत्यांना आधीच सांगा. वाड्या आठ-साडेआठला निजतात. आपण तंबूत हसलो तरी समोरच्या गोठ्यापर्यंत ऐकू जातं. ज्यांनी जागा दिली त्यांच्यासाठी चहापत्ती-साखरेचा पुडा किंवा पोरांसाठी वह्या न्या. पैसे पुढं केले की त्यांना संकोच होतो, असा माझा अनुभव आहे.

शेवटी एक कागद घरी ठेवायचा. त्यावर तीन मुक्कामांची गावं, सोबत्यांचे आणि त्या गावांतल्या पोलीस पाटलांचे नंबर, आणि विशाळगडाहून परत यायच्या एस.टी.ची वेळ. ती वेळ आदल्या आठवड्यात स्टँडवर जाऊन विचारून घ्या. चौथ्या दिवशी रात्री नऊपर्यंत फोन आला नाही तर पहिला फोन कुणाला करायचा, तेही त्याच कागदावर लिहा आणि घरच्यांना एकदा मोठ्यानं वाचून दाखवा.